थाप पडली की टेबल

मी टेबल बोलतेय. खरं तर मी शिलाई मशीन आहे. पण आमच्या दारावर थाप पडली की मी टेबल असते. आई चटकन माझी मान वाकवून पोटात घालते. वर फळी, फळीवर फुलाफुलांचा कपडा, कपड्यावर पाण्याचा जग. सरकारी मदत घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते म्हणतात. आमच्या घरात ती मी घालते.

माझा जन्म कारखान्यातला, पण मला आठवतो तो सरकारी मशीनवाटपाचा समारंभ. माझ्या चाकाला रिबन होती. भाषणात सांगितलं, की आता या भगिनी स्वतःच्या पायांवर उभ्या राहतील. मला चालवायचं तर बसावं लागतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आईचा नवरा रंगारी होता. त्याच वर्षी तो परांचीवरून पडून गेला होता आणि मुलगी अजून रांगत होती. ज्या कचेरीतून मी मिळाले, तिथल्याच शेजारच्या खिडकीतून आईला दरमहा मदत मंजूर झाली. पहिल्या खिडकीतले कारकून म्हणाले, "ताई, आता कमवायला लागा." दुसऱ्या खिडकीतले म्हणाले, "कमवायला लागलात की कळवा हं, मदत बंद करावी लागेल." दोघांचंही बरोबर होतं. दोघं दुपारी एकाच डब्यातून जेवायचे.

आई घरी आली. तिनं पहिल्यांदा माझी मान वाकवली.

मदतीला मी नावं ठेवणार नाही. तिच्यावरच घर चाललं, मुलगी शाळेत गेली. आई चोरून थोडंफार शिवायची, उशांचे अभ्रे नाहीतर शेजारणींचे पडदे. तेही रेडिओ मोठ्यानं लावून. रेडिओ बिघडला की शिवण बंद. एकदा कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "वहिनी, हात चांगला आहे तुमचा. दुकानात बसायला या."

"मला कुठं येतं?" आई म्हणाली.

हे ती इतक्यांदा म्हणाली, की शेवटी तिच्या हातांनाही पटलं. टाका वाकडा जाऊ लागला. माझ्यात काही बिघाड नव्हता, एवढं सांगून ठेवते.

वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायचे, कप माझ्यावर ठेवायचे. त्यांना पाय हलवायची सवय. पाय नेमका पॅडलवर पडायचा आणि खाली चाक घरघरायचं.

"टेबल आवाज करतंय, बाई."

"जुनं आहे, साहेब."

साहेब चहा संपवायचे.

मुलीला शाळेत एकदा घरातल्या टेबलाचं चित्र काढायला सांगितलं. तिनं टेबलाला चाक काढलं. गुरुजींनी त्यावर लाल फुली मारली. पुढे ती माझ्यावरच शिवायला शिकली, रेडिओच्या तालावर. मोठी झाल्यावर तिनं आईला न सांगता इस्पितळात खेटे घातले आणि चादरी अन् गाऊन शिवायचं काम जवळजवळ मिळवलं. तिथल्या बाई फक्त घरी येऊन मशीन बघणार होत्या.

त्या आल्या तेव्हा मुलगी दोरा आणायला गेली होती. बाईंनी दारावर थाप मारली.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

"मशीन बघायला आलेय," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे मशीन नाही हो. कुणी सांगितलं?" आईनं त्यांना पाणी दिलं. ग्लास माझ्यावर ठेवून बाई निघून गेल्या.

मुलगी आली. ओला ग्लास बघून तिनं विचारलं, "कोण आलं होतं?" आईनं सांगितलं. मुलीनं जग उचलला, कपडा ओढला आणि माझी मान वर काढली.

"अगं, दार उघडं आहे!"

"असू दे. इस्पितळाचं शिवणकाम मिळतंय मला."

"उद्या हे काम बंद पडलं तर? सरकार बंद पडत नाही, पोरी."

मुलगी चपला घालून धावत गेली आणि बसथांब्यावरून बाईंना परत घेऊन आली.

बाईंनी मला नीट न्याहाळलं. "मघाशी हे टेबल होतं ना?"

"हो," मुलगी म्हणाली, "अधूनमधून असतं."

काम मिळालं. मग तपासणीचे साहेब आले. मी मान वर करूनच उभी होते. साहेबांना कप ठेवायला जागा सापडेना. ते कप हातात धरून बसले.

"साहेब, ते टेबल नाही," आई कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. इतकी वर्षं माझा पाय मशीनच्या पॅडलवरच होता."

"मग लिहिलं का नाही तुम्ही?"

"तुम्ही टेबल म्हणालात. मी टेबल लिहिलं." साहेबांनी पेन काढलं, पण उघडलं नाही. "आता काय लिहू?"

आईनं मुलीकडे पाहिलं. मुलगी गाऊनची बाही जोडत होती. तिनं मान वर केली नाही. आईनं माझ्या चाकावर हात ठेवला.

"मशीन लिहा," ती म्हणाली.

मदत थांबली. आता आई गाऊनचे बंद जोडते. टाके अजून थोडे वाकडे पडतात. दर महिन्याला मदतीच्या जुन्या तारखेला ती बँकेत जाते, उगाच रांगेत उभी राहते आणि परत येते.

आमच्याकडे आलात तर एकच विनंती. दारावर थाप मारू नका, बाहेरून हाक मारा. थाप ऐकली की आईचा हात अजून माझ्या मानेकडे येतो.