पायलच्या हातची कोरी यादी

रविवारी सकाळी बदलापुरातल्या आमच्या वधू-वर मंडळाच्या हॉलमध्ये दोनशे माणसं एका कॉम्प्युटरच्या दर्शनाला जमली होती. मॉनिटरला लिंबू-मिरची, माऊसला काळा दोरा आणि समोरच्या खुर्चीवर गुरुदत्त महाराज. महाराजांचं पूर्वाश्रमीचं दुकान उल्हासनगरात, कॅम्प चारला होतं. तिथे ते प्रिंटर दुरुस्त करत. प्रिंटर सहसा दुरुस्त होत नसत, म्हणून ते अध्यात्माकडे वळले.

प्रसंग गंभीर होता. मंगळवारी मंडळात पायल नावाची नवी कारकून रुजू झाली. तिने स्थळांचा प्रोग्राम उघडला, तर यादी कोरी. अध्यक्ष बाळाजीरावांनी उघडला, तर चारशे बारा स्थळं हजर. पुन्हा पायलने उघडला, पुन्हा कोरी. पायलचा नवरा दोन वर्षांपूर्वी वारला होता. एवढं आठवल्यावर मंडळाला आणखी पुराव्याची गरज उरली नाही. महाराजांनी दोष सांगितला की तिला त्याच दिवशी काढायचं, असं ठरलं. मी मंडळाचा चिटणीस. ठरावाचा कागद माझ्या खिशातून डोकावत होता.

"हार्ड डिस्क म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "चक्र! चक्रात शनी बसला की डेटा मोक्षाला जातो. त्यात विधवेचा स्पर्श! शुभकार्याची नावं थांबतील कशी? उघड बेटी, लोकांना बघू दे."

पायलने आपल्या नावाने लॉगिन करून प्रोग्राम उघडला. कोरी यादी. हॉलभर 'अगं बाई' झालं.

"आता बघा!" महाराजांनी मॉनिटर, कीबोर्ड आणि स्वतःचं डोकं यांवर मिळून एकच भगवं उपरणं पांघरलं. आतून 'ॐ ह्रीं रीस्टार्टाय नमः' ऐकू आलं, पाठोपाठ थोडी टकटक. उपरणं उडालं. चारशे बारा स्थळं! एका वरपित्याने मॉनिटरला हात जोडले.

"महाराज," पायल म्हणाली, "कोपऱ्यातलं नाव बदललंय. मघाशी 'पायल' होतं, आता 'अध्यक्ष' आहे."

"माया आहे बेटी, माया."

"मायेला पासवर्ड कुणी दिला?"

बाळाजीराव खोकले. पासवर्ड त्यांनीच शनिवारी दिला होता, मशीनची कुंडली बघायला.

मागच्या रांगेत कुणीतरी मोठ्याने हसलं. ते भगवंत सर. अंबरनाथच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, मुलीसाठी स्थळ बघायला आले होते. ते पुढे आले. "सुंदराकाकू, तुम्ही बसा. पायलच्या लॉगिनमधून उघडा बघू."

सुंदराबाई म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी. रुपयाएवढं कुंकू, दोनपदरी मंगळसूत्र. शिवमंदिराजवळच्या प्रत्येक हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. त्या ऐटीत बसल्या. पायलने आपला पासवर्ड टाकून दिला. काकूंनी प्रोग्राम उघडला.

कोरी यादी.

दोनशे माणसांनी एकदम बाळाजीरावांकडे पाहिलं.

"अरे, माझ्याकडे काय बघता? मी आहे ना इथे!" बाळाजीराव ओरडले आणि हळूच स्वतःची नाडी बघू लागले.

"आता पायल, तू अध्यक्षांच्या लॉगिनमधून उघड," सर म्हणाले.

चारशे बारा. एकही पळालं नाही.

"प्रोग्राम एका जागी असतो आणि त्याची माहिती दुसऱ्या जागी," सर सांगू लागले. "जो लॉगिन करतो, त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये हा प्रोग्राम माहिती ठेवतो, आणि तो फोल्डरही लपवलेला असतो. माझ्या घरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स आहे, तिथे त्या फोल्डरचं नाव वेगळं. मॅकवर आणखी वेगळं. रीत तीच. खासगी पत्रं असती तर ते बरोबरच होतं. पण स्थळं मंडळाची आहेत, ती सगळ्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये हवी होती. प्रोग्राम बनवणारा तिथे चुकला. पण काय हो, एका मशीनवर दोन लॉगिन कशाला केलीत?"

सुंदराबाई पदर नीट करू लागल्या. शेवटी मीच तोंड उघडलं.

"दसऱ्याला अध्यक्षांच्या लॉगिनची पूजा झाली होती. पायलचा हात त्याला लागू नये म्हणून तिला वेगळं दिलं." तो ठरावही माझ्याच अक्षरात होता.

"म्हणजे तुम्हीच तिला रिकाम्या कपाटासमोर बसवलंत आणि कपाट रिकामं निघालं म्हणून तिलाच बोल लावलात."

महाराजांना तेवढ्यात जांभूळ गावच्या एका भक्ताची हाक आली. आम्हाला कुणालाच ती ऐकू आली नाही. उपरणं मागेच राहिलं.

सरांनी यादी सामायिक फोल्डरमध्ये हलवली आणि प्रोग्रामला नवी जागा दाखवली. पायलने आपल्या लॉगिनमधून उघडलं. चारशे बारा. मग तिने माझ्यापुढे हात केला.

"चिटणीस, खिशातला कागद द्या."

मी दिला. तिने तो उलटा करून कोऱ्या बाजूवर फोल्डरचा पत्ता लिहिला, लिंबू-मिरची सोडवून कचऱ्यात टाकली आणि कागद तिथे चिकटवला. सोमवारपासून त्या खुर्चीवर तीच बसते.

वाचकहो, काही गायब झालं तर आधी विचारा की ते ठेवलं कुठे होतं. कुणाचा हात लागला, हे विचारायची वेळ मग सहसा येत नाही.