अवघड गिऱ्हाईक

सुयशनं बाबांना सांगितलं होतं, की तो दुबईतल्या देरा भागात इंजिनिअरिंगच्या एन्ट्रन्सच्या क्लासला जातो. देराला जात होता हे खरं. क्लासही होता. फक्त तिथं बारावी झालेल्या पोरांना ट्रॅव्हल अँड टुरिझम शिकवायचे. आई सामील होती म्हणून निभावत होतं. बाबांना कळलं असतं तर ते राहत होते तो अल नहदाचा अख्खा टॉवर गोळा झाला असता. तिकिटं विकायला शिकणं म्हणजे त्यांच्या लेखी शिक्षणाच्या नावानं आंघोळच.

आज शेवटचं प्रॅक्टिकल. शहनाझ मॅडमची पद्धत अशी, की टेबलामागे विद्यार्थी एजंट होऊन बसणार आणि समोर बाहेरून आणलेलं अनोळखी गिऱ्हाईक. मध्येच नाटक सोडलं की नापास. शेवटी गिऱ्हाईक 'ह्याच्याकडून तिकीट घेईन' म्हणालं तरच पास. पास झाला तर खालच्या ट्रॅव्हल एजन्सीत नोकरी ठरलेली. नापास झाला तर पुण्याला आत्याकडे रवानगी, आणि पुन्हा ते मेलं फिजिक्स.

एरवी अशी गिऱ्हाइकं जमवताना मॅडमच्या नाकी नऊ यायचे. पण साल होतं दोन हजार नऊ. मंदीनं दुबईला पार झोपवलं होतं आणि देरातल्या कॅफेटेरियांत टायवाली रिकामी माणसं एका चहावर अख्खी सकाळ काढत होती. सँडविच देतो म्हटलं, की हवी तितकी मिळायची.

"नेक्स्ट कस्टमर!" मॅडमनी हाक दिली आणि दारातून बाबा आत आले.

बोंबला! सकाळी सुयशनंच त्यांचा टाय सरळ केला होता, आणि ते जेबेल अलीच्या ऑफिसला म्हणून निघाले होते. बाबांचेही डोळे खोबणीतून बाहेर यायचे बाकी होते. पण ओरडणार कसे? ओरडले तर स्वतः इथं काय करताय, हे सांगावं लागलं असतं.

"बसा, सर," सुयश कसाबसा म्हणाला. "कुठं जायचंय?"

"केरळ," बाबा दात आवळून म्हणाले. "बायकोला हाउसबोटीत बसायचंय. लग्नापासून डोकं खातेय."

"शुअर, सर. माणशी दोन हजार दिरहम."

"म्हणजे सव्वीस हजार रुपये? वेड लागलंय का?"

बाबांना स्वस्त आहे म्हणून पटवायला जाण्यात अर्थ नाही, हे सुयशला जन्मापासून ठाऊक. "सर, समोरच्या टॉवरमधल्या फडणिसांनी ह्याचेच अडीच हजार मोजले."

"त्या फडणिसाला अक्कल कुठाय!" बाबा एकदम खुलले. मग सुयशनं त्यांनी मागायच्या आतच खिडकीची जागा दिली, गुडघ्यासाठी जिने नसलेली बोट दिली आणि चारचा चहा, तोही बिनसाखरेचा नाही. बाबांना भांडायला जागाच उरेना. मागे मॅडम खूश होऊन मान डोलवत होत्या.

"तारीख, सर? सुट्टी कधी मिळेल?"

बाबांनी मान खाली घातली. "सुट्टीच आहे. फेब्रुवारीत कंपनीनं काढलं मला. घरी सांगितलेलं नाही."

सुयशला वाटलं, गेलं खड्ड्यात प्रॅक्टिकल, उठावं आणि बाबांना मिठी मारावी. रोज घरून डबा घेऊन हा माणूस जायचा तरी कुठं? त्यानं बुकिंगचा फॉर्म पुढे ओढला. "नो प्रॉब्लेम, सर. तारीख ओपन ठेवतो. नवी नोकरी लागली की जा. लागेल, सर. नक्की लागेल."

"इन्शाल्ला," बाबा पुटपुटले.

मॅडम पुढे आल्या. "सर, ह्याच्याकडून तिकीट घ्याल?"

बाबांनी पोराकडे टक लावून पाहिलं. "मॅडम, हा मुलगा पक्का खोटारडा आहे."

मॅडमनी चमकून सुयशकडे पाहिलं.

"खोटारडा?"

"एक नंबरचा. बापावर गेलाय." बाबांनी चष्मा काढून खसाखसा पुसला. "पण तिकीट मी ह्याच्याकडूनच घेणार. करा पास."

मॅडम बघतच राहिल्या. बापलेक मात्र जिन्यापर्यंत एकमेकांना सर, सर करत गेले.

"गाढवा," जिना उतरताना बाबा म्हणाले, "आता आईला कोण सांगणार?"

"यू, बाबा. माझं तिला आधीपासून माहितीय."

"सांगतो रे. यल्ला, चल, आधी चहा पाज. नोकरी तुला लागलीय."