कोरा अकरावा प्रश्न

"घ्या, आला पुन्हा फॉर्म! विमानं सांभाळायची की रकाने भरत बसायचं?" विमानतळावर सामान चढवणारा पैलवान शेजारी बसलेल्या शिडीवाल्या ताईच्या कानाशी पुटपुटला.

ताई हसली नाही. सकाळी तिची शिडीगाडी विमानाच्या मागच्या दाराला घासली होती. अगदी हलकेच. कोणी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी एकाने असंच कबूल केलं, तर साहेबांनी त्याला चारचौघांत सोलून काढलं आणि गाडीवरून उतरवून गोदामात बसवलं. म्हणून ताईने तोंडाला कुलूप घातलं होतं. आणि ते विमान आता तासाभरात उडणार होतं!

फॉर्मवर सुरक्षिततेबद्दल वीस प्रश्न होते. आधी साहेबांनी भरला, मग तोच उतरवून घ्यायला हातोहात फिरला. शाळेत कधी कॉपी न केलेलेही इथे पटाईत झाले.

पाहणीला आलेल्या बाईंनी गठ्ठा चाळला. "वा! अठरा जण आणि उत्तरं एकसारखी. अकरावा प्रश्न तर सगळ्यांनीच कोरा सोडलाय. साहेब, पानाच्या तळाशी होता, तुमच्या नजरेतून सुटला का हो?"

हशा पिकला. बाईंनी तो प्रश्न मोठ्याने वाचला, "स्वतःची चूक सांगायची भीती वाटते का?"

हशा विरला.

"विमानाला आपले फॉर्म वाचता येत नाहीत," बाई शांतपणे म्हणाल्या. "आपण खाली जे लपवलं, तेवढंच ते वर घेऊन जातं."

ताईला त्या दारातून चढणारी लेकरंबाळं दिसू लागली. ती उठली.

"वाटते! भीती वाटते! सकाळी माझी शिडी मागच्या दाराला घासलीय. आधी ते विमान थांबवा, मग मला काय बोलायचं ते बोला!"

साहेबांनी झडप घालून फोन उचलला. दहा मिनिटांनी मेकॅनिकचा निरोप आला. दाराची कड दबली होती, वर गेल्यावर दाराने दगा दिला असता. विमान थांबलं!

"शाब्बास गं ताई!" पैलवानाने टेबलावर थाप मारली. मग हळूच हात वर केला. "बाई, माझंही एक राहिलंय सांगायचं." त्याच्यामागे आणखी तीन हात वर झाले.

मंडळी, चुका तर आपल्या सगळ्यांच्याच हातून होतात. पण घर असो की कचेरी, चूक सांगणाऱ्याला जिथे आधी ऐकून घेतात, तिथेच माणसं सुरक्षित असतात.

साहेबांनी आपला फॉर्म मागून घेतला, अकराव्या रकान्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"ताई, उद्याही शिडी तुम्हीच चालवायची. ही भीती तुमची नव्हे. मीच घातली होती ती."