निळ्या डब्यातली खोट्या नावाची नळी

मी एक जुना निळा डबा आहे, मित्रांनो. लस गार ठेवून गावोगावी पोचवायचा डबा. पोटात बर्फ, वर घट्ट झाकण आणि खांद्याला अडकवायला पट्टा. वेल्ह्याच्या डोंगरवाड्यांतली किती पोरं मला बघून भोकाड पसरायची, ते विचारू नका! त्यांच्या आया मात्र मला आठवणीने सावलीत ठेवायच्या. बरं वाटायचं.

पुढे नवे डबे आले आणि माझी रवानगी कपाटामागे झाली. एका बहाद्दराने तर पानशेतला नेऊन माझ्यात मासे भरले! काय तो वास! मी जन्मातून उठलो म्हणा ना.

मला वाचवलं भोरच्या आरोग्यसेविका जोहराने. तिला एका तपासणीसाठी घरोघरी रक्ताचे नमुने गोळा करायचे होते. तिने मला सोडा घालून तीनदा घासलं, उन्हात वाळवलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तपासणी अशी होती. आईवडिलांकडून आपल्यात हजारो बारीक खुणा येतात. त्या रक्तातून तपासल्या, की पुढे कुणाच्या किडन्या अधू होण्याची शक्यता जास्त आहे, याचा अंदाज बांधता येतो. अंदाजच हं, भविष्य नव्हे.

वरवे बुद्रुकच्या आनंदरावांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना पुण्याला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागे. त्यांचे थोरले भाऊ याच दुखण्याने गेलेले. म्हणजे मुलीची, शेफालीची, तपासणी व्हायलाच हवी होती. पण तिला बघायला पाहुणे येणार होते, आणि तिच्या आईला, रतनबाईंना, वेगळीच काळजी लागली होती. रक्तात खोट निघाली तर सोयरीक जमायची कशी? शेफाली कामावर गेली होती. रतनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात सुनेच्या, सुलक्षणाच्या, कानात काहीतरी कुजबुजून तिलाच पुढे केलं.

"ही आमची शेफाली," त्या म्हणाल्या.

जोहरा त्या घरात पहिल्यांदाच आलेली. तिला काय कळणार? रक्त सुलक्षणाचं आणि नाव शेफालीचं, अशी नळी आनंदरावांच्या नळीशेजारी माझ्या पोटात आली. कुजबुज मी ऐकली होती, पण डब्याला झाकण असतं, तोंड नसतं. फार जीव तुटला हो माझा त्या दिवशी.

दीड महिन्याने आम्ही पुन्हा गेलो. जोहराने रतनबाईंना बाजूला घेतलं. "मावशी, काहीतरी घोटाळा झालाय. या रक्ताचं काकांच्या रक्ताशी नातंच लागत नाही."

ती हळूच बोलली, तरी ओसरीवर बसलेल्या आनंदरावांनी ऐकलंच. ते बायकोकडे बघतच राहिले.

"आगं बया! असं बगताय काय?" रतनबाई लालबुंद झाल्या. "पोरगी तुमचीच हाय! रगत सुनंचं हाय!"

आनंदराव इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पुसताना त्यांचा आवाज बदलला. "आगं, माजं लई उशिरा कळलं. पोरीचं तरी येळंवर कळू दे."

रतनबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मग खरी शेफाली रक्त द्यायला बसली, आईवर जाम चिडून. तिची जोखीम जास्त निघाली. म्हणून डॉक्टरांनी लघवी आणि रक्तदाब तपासला, तर दुखण्याची नुकती सुरुवात होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. औषध सुरू झालं, मीठ कमी झालं, दुकानातून मनाने घेतलेल्या, किडन्यांना बाधणाऱ्या पाठदुखीच्या गोळ्या बंद झाल्या.

पाहुणे आले त्या दिवशी योगायोगाने मीही ओसरीवर होतो. रतनबाईंनी चहाआधीच मुलाच्या आईला, बाळाबाईंना, सगळं सांगून टाकलं. "औषध चालू हाय. लपवायचं न्हाई म्हून सांगितलं. आता तुमी ठरवा."

बाळाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात तीन जणांना शुगर हाय. आमी तरी कुठं सांगितलं व्हतं?"

लग्न झालं. दोन वर्षं झाली, शेफालीच्या किडन्या चांगल्या चालल्या आहेत.

मित्रांनो, घरात कुणाला कसलं दुखणं आहे, ते मोठ्यांना विचारा. ते टाळाटाळ करतील, तरी पुन्हा विचारा. शेफाली आजही वडिलांना एसटीने पुण्याला घेऊन जाते. ते यंत्राशेजारच्या खाटेवर झोपतात, आणि ती, देवाची कृपा, तशा खाटेवर नाही, त्यांच्या उशाशी खुर्चीवर बसते.