गोल पेरलेले धने

आमच्या इमारतीला दोन साखळ्या आहेत. पूर्वेच्या भिंतीवर सकाळची, पश्चिमेच्या भिंतीवर संध्याकाळची. काचेच्या उभ्या बोळातून त्या संथ फिरत असतात, आणि प्रत्येकीवर पाळण्यांसारखे ट्रे टांगलेले. घरटी एक ट्रे. तळाशी घराघरांतलं धुण्याचं पाणी गाळून सोडलेलं कुंड आहे, त्यात बूड भिजवून ट्रे पुन्हा वर चढतो. आपला ट्रे खिडकीशी आला की पेरायचं, निंदायचं, खुडायचं. घराचा आराखडा काढणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, हात लांब केला की भाजी. सासूबाई म्हणाल्या होत्या, "हात लांब करायला माणूस उभं राहायला हवं ना."

आता त्यांना उभं राहता येत नव्हतं. पलंग खिडकीला लावला होता. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून, आता त्यांना जे हवं ते द्या, असं सांगितलं होतं. त्यांना एकच हवं होतं. सासऱ्यांनी जाण्याआधी शेवटची कोथिंबीर लावली होती, तिचे धने धरून ठेवलेले होते. ते त्यांनी बसल्या बसल्या हातानं रगडून पेरले होते. पेरले म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, ओळीत नाही, तर मधून सुरू करून गोल गोल बाहेर, गोगलगायीच्या पाठीवर असतं तसं. सगळी इमारत त्यावरून हसायची. ते उगवलेले बघायचे आणि मग जायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

पेरणी झाली आणि साखळी तुटली. दोन्हीकडचे ट्रे अंगणात उतरवले गेले, दुरुस्ती झाली, ट्रे परत चढले. तेव्हापासून रोज सकाळी आमच्या पूर्वेच्या खिडकीशी नुसती माती येत होती. सासूबाई ती बोटांनी चाचपत.

"मेलं गं बी," एक दिवस त्या म्हणाल्या. "त्यांचं तेवढंच राहिलं होतं." आणि भिंतीकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी ट्रे आला तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.

त्यांचे गाऊन आता अंगावरून ओघळत होते. ते आत घ्यायला मी तळमजल्यावर टाकेकाकूंकडे गेले, चोरून. टाकेकाकू शिवणकाम करतात. सासूबाईंना कुंडाच्या पाण्यावर भरवसा नव्हता. हिंडत्या-फिरत्या होत्या तेव्हा खिडकीतून ट्रेवर तांब्यानं पाणी ओतायच्या, आणि एकदा ते पाणी काकूंनी अंगणात टांगलेल्या, गिऱ्हाइकाच्या कोटावर गळलं. त्यावरून दोघींचं जे वाजलं, ते अबोल्यावर जाऊन थांबलं. काकूंचं घर पश्चिमेला. शिवणातून मान वर काढायला वेळ नाही म्हणून ट्रेमध्ये त्यांनी काही लावणंच सोडलं होतं.

काकू माप घेत होत्या, तेवढ्यात त्यांच्या खिडकीशी ट्रे आला. त्यात हिरवागार, दाट गोल उगवलेला होता.

मी काही बोलायच्या आत काकूंनीच सांगितलं. खाली मान घालून, तोंडात टाचणी धरून. "तुझ्या सासूनं पेरलंय, माझ्या ट्रेमध्ये. गोल बघूनच ओळखलं. बोलायचा कमीपणा वाटत असेल, म्हणून हे. मीच मेली वर यायला धजत नव्हते."

ट्रे चढवणाऱ्यानं हाताला लागेल तो ट्रे लागेल त्या साखळीला अडकवला होता, एवढंच झालं होतं. ते माझ्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. मी म्हटलं, काकू, त्यांच्याकडे आता वेळ नाही, हा ट्रे वर न्यायला हवा.

काकूंनी टाचणी काढून ठेवली. दोघींनी मिळून साखळीतून ट्रेचे आकडे सोडवले. लिफ्टमध्ये ट्रे आडवा मावेना, म्हणून जिन्यानं निघालो. काकू प्रत्येक वळणावर टेकत होत्या, पण ट्रे सोडत नव्हत्या.

पलंगावर चादर होती, तिच्यावरच ट्रे ठेवला. सासूबाईंनी डोळे उघडले. मधल्या रोपावर बोट टेकवलं आणि सावकाश गोल गोल बाहेर नेलं, शेवटच्या रोपापर्यंत. मग काकूंकडे पाहिलं.

"कुठं होते हे?"

"माझ्याकडे, वहिनी. तुम्हीच पाठवलेत ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे नजर टाकली. आयुष्यभर त्यांनी कुणाची चूक सुधारल्याशिवाय सोडली नव्हती. मी पदराशी चाळा करत उभी. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला कळलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच पाठवले."

मग काकूंना, "पाणी जास्त घातलंस."

"तुमच्याकडूनच शिकले," काकू म्हणाल्या, आणि पलंगाच्या कडेवर बसून रडल्या.

आत घेतलेला गाऊन सासूबाईंनी एकदाच घातला. त्यातच गेल्या.

कोथिंबीर आम्ही खुडली नाही, धने धरायला ठेवली. ती पुन्हा पश्चिमेच्या साखळीवरच चढवली. पाणी काकू घालतात. आमच्या खिडकीशी अजून काकूंचाच नुसत्या मातीचा ट्रे येतो. परवा साखळीवाला आला होता. ट्रे उलटसुलट लागलेत, जागच्या जागी लावून देतो, म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. आणि त्याला चहा देऊन वाटेला लावलं.