हरभऱ्याचं आडनाव

उपासनाने माइक ओढून आपल्या उंचीला आणला आणि सूत्रसंचालन करणाऱ्या पद्मजाकाकूंकडे पाहून हसली. काकूंनी नुकतंच तिचं नाव पुकारलं होतं: उपासना भानुदास. अमेरिकेतल्या हर्नडनच्या मराठी मंडळींची वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय मुलांनीच निवडले होते.

तिच्या बाबांनी, भानुदासने, फोन रेकॉर्डिंगला लावला. नावनोंदणी त्यानेच केली होती आणि नेहमीसारखं आडनाव गाळलं होतं. गंमत अशी, की शाळेतले अमेरिकन शिक्षक 'खोब्रागडे' म्हणताना ठेचकाळत, पण अख्खं म्हणत. लपवाछपवी होती ती फक्त आपल्या माणसांत. इथे नवीन असताना एका काकूंनी त्याला शनिवारी जेवायला बोलावलं होतं. मग बोलता बोलता आडनाव विचारलं, आणि तो शनिवार काही उजाडलाच नाही. तेव्हापासून या मंडळींत तो नुसता भानुदास. लेकीच्या वाट्याला असला शनिवार येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं.

शेजारी अनुप बसला होता, त्याचा दर रविवारचा बॅडमिंटनचा जोडीदार. अनुपने त्याला कधी आडनाव विचारलं नव्हतं. भानुदासला तो आवडायचा, त्याचं हेही एक कारण होतं.

"सिसेरो," उपासनाने सुरुवात केली, "रोममधला सगळ्यात भारी वक्ता. तिथे मोठ्या घराण्यांच्या घरात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे मांडलेले असायचे. ह्याच्या घरात एकही नव्हता. तरी तो कॉन्सल झाला, म्हणजे रोममधलं टॉपचं पद. नुसत्या बोलण्याच्या जोरावर!"

पोरगी रंगात आली होती. हात कुठे उचलायचा, कुठे थांबायचं, सगळं तिला ठाऊक होतं. भानुदासची छाती फुगली.

"सिसेरो हे नाव हरभऱ्यावरून आलंय. फ्रेंड्स म्हणाले, यार, पॉलिटिक्समध्ये जातोयस, नाव बदल, लोक हसतील. तो म्हणाला, हेच नाव मी सगळ्यांपेक्षा मोठं करीन. पुढे त्याने देवाला चांदीचं भांडं वाहिलं. त्यावर पहिली दोन नावं लिहिली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराला चक्क हरभरा कोरायला सांगितला."

सभागृह खळखळून हसलं. हसू ओसरेपर्यंत ती थांबली.

"सो, एक करेक्शन. काकू, माझं नाव अर्धंच वाचलं गेलं. मी उपासना भानुदास खोब्रागडे. थँक यू."

टाळ्या पडल्या. पोरीने घात केला, असं भानुदासला वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. पुढच्या रांगेतले एक निवृत्त डॉक्टर मागे वळले.

"खोब्रागडे? म्हणजे तुम्ही मूळचे..."

हा प्रश्न त्याला तोंडपाठ होता. 'विदर्भाकडचे' असं म्हणून तो एरवी हवापाण्यावर यायचा.

"नागपूरचे," तो म्हणाला. "बौद्ध आहोत आम्ही."

"अच्छा, अच्छा," म्हणत डॉक्टर पुन्हा स्टेजकडे वळले. बस, एवढंच झालं. ज्याला इतकी वर्षं घाबरलो ते एवढंसंच होतं, याचं भानुदासला नवल वाटलं.

अनुप मात्र टाळ्या थांबल्यावरही हात तसेच जोडून बसला होता. त्याने डावीउजवीकडे पाहिलं, मग झुकून भानुदासच्या कानाशी पुटपुटला,

"जयभीम, भाऊ."

भानुदास त्याच्याकडे बघतच राहिला. इतके रविवार एकाच बाजूने खेळलो, आणि दोघेही एकमेकांपासून लपत होतो.

"जयभीम!" तो म्हणाला, आणि पहिल्या रांगेतल्या माणसांनीही माना वळवून पाहिलं.