डाव्या दाराचा चौथा दात

नव्या लढाऊ विमानाचा पहिला नमुना चाचणीच्या दालनात खांबावर पालथा चढवला होता, आणि तो रडारला दिसू नये एवढीच सगळ्यांची इच्छा होती. दिसलाच तर चिमणीएवढा. पण सकाळी पडद्यावर लख्ख पांढरा ठिपका उमटला, चाकांच्या कप्प्याच्या डाव्या दाराशी. आणि त्या दाराचे सांधे काकूंनी भरले होते.

काकू म्हणजे कारखान्यातली सगळ्यात जुनी लेपकरीण. पत्र्याला पत्रा भिडतो तिथे केसभर फट राहते. रडारची लाट तिथे आपटली की माघारी फिरते आणि चहाडी करते. ती फट करड्या लेपाने बुजवायची, घासायची, आणि तळहाताखाली तलम रुमाल धरून, डोळे मिटून हात फिरवायचा. रुमाल कुठे अडला नाही की सांधा साधला. लेप भरताना काकू आईकडून आलेली ओळ गुणगुणायच्या:

सरळ चाल गं बोटा, वाट सुईएवढी,
मागं उरू नये खूण, केसाच्या जाडीएवढी.

एका कडेला एक ओळ. ना घाई, ना रेंगाळणं.

थोरले साहेब नोंदवही घेऊनच आले. त्यात आधीच लिहिलं होतं: ‘दोष, हाताची चूक. लेप पुन्हा भरावा.’ खाली फक्त काकूंची सही हवी होती. आठ दिवसांनी विमान पाहुण्यांसमोर उडायचं होतं, आणि खापर फोडायला एक डोकं लागतंच. साहेब गोड बोलले. वय होतं, नजर मंदावते, हात जड होतो, त्यात कमीपणा काय, असं बरंच. काकूंनी ऐकून घेतलं आणि उद्या सांगते म्हणाल्या.

संध्याकाळी जेवताना काकूंनी घरात सहीचं सांगितलं. नवऱ्याचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. तो म्हणाला, एका सहीने काही बिघडत नाही, टाक आणि मोकळी हो. लेक मान खाली घालून घास चिवडत होती. पडद्यावरचा ठिपका तिनेच वाचला होता. कामावर ती आईला चारचौघांसारखी काकूच म्हणायची आणि आई तिला मॅडम. त्यावरून दोघींची थट्टा व्हायची. आज थट्टा कुणाला सुचत नव्हती.

“मी दिसलं तेच सांगितलं,” लेक म्हणाली.

“मग तेच सांगायचं. माझ्यासाठी खोटं बोललीस तर ताटावरून उठवीन.” काकूंनी तिच्या ताटात भात वाढला. “पण दिसलं कसं, ते नीट सांग.”

लेकीने सांगितलं. विमान ठरावीक कोनात आलं की ठिपका लख्ख पेटतो, जरासं फिरवलं की विझतो. काकूंचा हात थांबला. सांध्यात उंचवटा राहिला असता तर तो बऱ्याच बाजूंनी थोडाथोडा दिसला असता. एकाच बाजूने लख्ख दिसते ती सरळ पण तिरकी गेलेली कड. या विमानाची तर कड न् कड पंखांच्या कडांना समांतर ठेवलेली, म्हणून दारांनासुद्धा करवतीसारखे दात. आणि मग त्यांना आठवलं, चौथ्या दाताशी त्यांची ओळ आधी संपली होती आणि कड उरली होती. तेव्हा त्यांनी दोष आपल्या श्वासाला दिला होता.

“वय झालं म्हणून मीच गप्प बसले बघ,” त्या म्हणाल्या. “साहेबांच्या आधी मीच माझ्यावर खापर फोडलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्यांदेखत फळीवर चढल्या. तिसऱ्या दातावर जाड कागद दाबला, पेन्सिल घासून त्याची आकृती उठवली, कात्रीने कापली आणि चौथ्या दातावर ठेवली. एका बाजूला फट राहिली, नखाएवढी. खाली कुजबुज झाली. दार मिटून धरणारी कडी बसवणाऱ्या विभागातला फोरमन पुढे आला आणि कानाची पाळी चोळत कबूल झाला, की कडीला जागा पुरत नव्हती म्हणून त्या दाताची एक कड जराशी वळवली होती. जराशीच. नकाशात दाखवायची राहून गेली.

थोरल्या साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. नवं दार म्हणजे दीड महिना. ते फळीजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, “काकू, लेपाने वरून झाकून टाका. पाहुण्यांकडे काही रडार नाही.”

“पाहुण्यांकडे नाही,” काकू म्हणाल्या. “पण आत बसणाऱ्याला ज्यांच्यावर धाडाल, त्यांच्याकडे आहे.”

“सही नाही केलीत तर उद्यापासून या दालनात पाऊल टाकता येणार नाही.”

“मग आजचा दिवस आहे माझ्याकडे.”

त्यांनी नोंदवही मागून घेतली. साहेबांना वाटलं, आली बाई ताळ्यावर. काकूंनी ‘हाताची चूक’वर आडवी रेघ मारली आणि सावकाश, मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘डाव्या दाराचा चौथा दात तिरका. दार बदलेपर्यंत सांधा उघडा ठेवला आहे.’ खाली सही केली. वहीची पानं क्रमांकाची होती, फाडायची सोय नव्हती.

मग त्यांनी लाकडी पातं घेतलं आणि स्वतःच्या हाताने भरलेला, स्वतःच्या हाताने साधलेला लेप चौथ्या दातापासून खरवडायला घेतला. करडे तुकडे साहेबांच्या चकचकीत बुटांवर पडत होते. काचेआड लेकीने पडदा सुरू केला आणि उघड्या फटीचा ठिपका कालच्याहून मोठा झालेला सगळ्यांनी पाहिला. आता तो झाकणं कुणाच्या हातात नव्हतं.

साहेबांनी बुटांवरचे तुकडे झटकले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि दारं घडवणाऱ्या विभागाला लावला.

काकूंनी मान वळवून पाहिलं नाही. पाचव्या दातापर्यंत अजून बराच लेप होता.